फेस न येणारा साबण

पंपाचा काटा मी आयुष्यभर बघत आलो. तो थरथरतो, डुलतो, कधी रुसल्यासारखा खाली बसतो. पण त्या दिवशी सकाळी तो आग लागलेल्या घरातल्या माणसाने जिना चढावा तसा सरसर वर गेला. मी हात पुढे करेपर्यंत सेफ्टी व्हॉल्व्ह फाडकन उडाला आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीवर जे येऊन आदळलं ते बघून मी दोन पावलं मागे सरलो. तो चिखल नव्हता. पांढुरका, तुकतुकीत, घट्ट लोण्यासारखा गोळा होता. भिंतीला चिकटला तो तसाच राहिला. ओघळलासुद्धा नाही.

वरून ड्रिलर ओरडला, "पंप का थांबवला? कुणी थांबवला?"

"मी नाही थांबवला," मी खालून ओरडलो. "तो आपणहून मेला!"

मग लोखंडाचा एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला आणि वरची सगळी घरघर बंद पडली. पाइप भोकात अडकला होता. इतकी वर्षं मी या कामात आहे, पण अशी शांतता मी फार थोड्या वेळा ऐकली. आजारी माणसाच्या खोलीत घड्याळ बंद पडावं तशी.

आधी चिखलाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेलासाठी जमिनीत भोक पाडतात तेव्हा नुसतं लोखंड फिरवून भागत नाही. पोकळ पाइपमधून एक दाट द्रव सतत खाली ढकलावा लागतो. तो तळाशी फिरणाऱ्या दातांना थंड ठेवतो, भोकाच्या भिंती ढासळू देत नाही आणि दगडाचा चुरा कवेत घेऊन पाइपच्या बाहेरून वर येतो. वर चाळणीवर चुरा अडतो, द्रव टाक्यांत पडतो आणि माझा पंप त्याला पुन्हा खाली धाडतो. शिकलेले लोक त्याला काहीही म्हणोत, आम्ही त्याला चिखल म्हणतो. चिखल धड तर विहीर धड.

आमचा चिखल वर्षानुवर्षं डिझेलमध्ये कालवलेला असायचा. टाक्यांवर चिखल बघणारा माणूस म्हणजे माझा व्याही. आम्ही दोघं तरणेताठे असताना एकाच वेळी या कामावर लागलो, एका खोलीत राहिलो, एका तव्यावरचं खाल्लं. तेव्हा अरे-तुरे होतं. पुढे त्याची मुलगी माझ्या घरात सून म्हणून आली आणि आमच्या जिभांना 'अहो व्याही' म्हणायची शिस्त लागली. ती लागायलाच वर्ष गेलं. मध्येच कधीतरी तोंडातून 'गाढवा' निघायचं आणि दोघंही जीभ चावायचो.

डिझेलच्या चिखलाने व्याह्याच्या हातांची पार वाट लावली होती. कातडी सुटायची, भेगांतून रक्त यायचं, बोटं वाकायची नाहीत. शर्टाची बटणं विहीणबाई लावून द्यायच्या. मुलगी लहान असताना तिने एकदा विचारलं होतं, आप्पांचे हात झाडाच्या बुंध्यासारखे का आहेत? घरभर हशा झाला होता. ती मात्र हसली नव्हती. त्याच मुलीने पुढे रसायनाचं शिक्षण घेतलं आणि चिखलाची इंजिनीअर होऊन बापाच्याच विहिरीवर आली. माझा मुलगा शाळेत शिकवतो. घरात चिखलाचं बोलणं निघालं की तो उठून अंगणात जातो.

विहिरीवर व्याही मुलीला 'बाई' म्हणायचा. घरी 'ए चिमे' आणि टाकीपाशी 'बाई, जरा बघता का?' आमच्यातला एक पाइप जोडणारा गडी होता. त्याचं तोंड कधी मिटायचं नाही म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. तो विचारायचा, "आप्पा, साध्या दिवशी बाई म्हणता. मग पगाराच्या दिवशी काय, आई?"

"तुला पगार मिळतो तोच माझ्यासाठी चमत्कार आहे," व्याही म्हणायचा.

आता मुख्य गोष्ट. आधीच्या विहिरीच्या वेळी डिझेलचा चिखल खाडीत उतरला. पाण्यावर रंगीत तवंग आला आणि शिंपल्यांना असा वास लागला की मांजरंही तोंड लावेनात. खाडीत शिंपले वेचणाऱ्या बायकांनी टोपल्या आणल्या आणि साहेबांच्या कचेरीच्या पायरीवर उपड्या केल्या. साहेब म्हणजे या सगळ्या कामाचे मुख्य. त्या वासाने ते दोन दिवस कचेरीत बसू शकले नाहीत. तेव्हा सूनबाई पुढे झाली. म्हणाली, डिझेलऐवजी बियांच्या तेलापासून बनवलेलं तेल घालून चिखल करता येतो. सांडला तर मातीत आणि पाण्यात जिरून जातो, हातही खात नाही.

साहेब म्हणाले, "एक विहीर देतो. या एका विहिरीत तुमचा चिखल टिकला, तर या किनाऱ्यावरच्या पुढच्या सगळ्या विहिरी त्याच्यावर. नाही टिकला तर डिझेल. मग माझ्यासमोर झाडापानाच्या तेलाचा 'त'सुद्धा काढायचा नाही."

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. सूनबाईने नव्या चिखलाची माहिती दिली. साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. तेल सोनेरी होतं, वास जवळजवळ नव्हताच. बाटली हातोहात फिरली.

रेडिओने बाटली नाकाशी धरली. "बाई, यात तळण चालेल का?"

"तळून बघ. मग आठवडाभर विहीर सोडून दुसरीकडेच धावावं लागेल," ती म्हणाली. "हे खायचं तेल नाही. त्याच्यावर बऱ्याच प्रक्रिया केल्या आहेत. आणि कालपासून दोन डबे दिसत नाहीत. ज्याने नेले त्याने परत आणून ठेवावेत. मी काही विचारणार नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग रेडिओकडे.

"माझ्याकडे काय बघता? माझ्या बायकोला तळता येत नाही!"

हशा झाला. सूनबाईही हसली आणि त्याच हसण्यात कागद गुंडाळत म्हणाली, "आणि शेवटचं. या चिखलाला कुणीही चुना लावायचा नाही. अजिबात नाही. कळलं?"

त्यावर तर शेड दणाणली. कोपऱ्यातून साहेब म्हणाले, "ऐकलं ना? कंपनीला लावता तेवढा पुरे, आता बाईंना लावू नका." सूनबाईने साहेबांकडे बघून मान हलवली. सभा मोडली. दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे जागेवर होते.

पहिले काही आठवडे चिखल असा चालला की बोलायची सोय नाही. चाळणीवरून उतरणारा दगडाचा चुरा हातात घेतला तर हात तेलकट व्हायचा, पण झोंबायचा नाही. खाडीतल्या बायका लांबून येऊन बघून जायच्या. आणि व्याह्याचे हात भरून आले. भेगा मिटल्या, नखांखालचं काळं गेलं. एके दिवशी तो माझ्या पंपापाशी येऊन उभा राहिला आणि आपल्या शर्टाची दोन बटणं काढून पुन्हा लावून दाखवली. कुणी पोरगा सायकल हात सोडून चालवून दाखवतो तसं.

"अहो व्याही, हे बघा."

"बघितलं. आता विहीणबाईंना काय काम उरलं?"

"ती म्हणते, इतकी वर्षं बटणं लावली, त्याचा पगार द्या."

तर असा चिखल. आणि त्या सकाळी तोच माझ्या भिंतीला लोण्यासारखा चिकटला होता.

सूनबाई पायऱ्या उतरून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तिने भिंतीवरचा गोळा पत्र्याच्या तुकड्याने खरवडला, बोटांत चोळला. "मामा, पाणी," ती म्हणाली. मी बादली पुढे केली. तिने हात बुडवून चोळला. फेस आला नाही. गोळा हाताला तसाच चिकटून राहिला, पाण्याला जुमानेना.

"हा साबण आहे," ती म्हणाली.

"साबण? फेस कुठे आहे?"

"फेस न येणारा साबण. चुन्याचा साबण असाच होतो." आणि ती जवळजवळ पळतच आपल्या केबिनकडे गेली. मीही मागोमाग गेलो. पंप बंद, मी तिथे उभा राहून काय करणार होतो?

केबिन म्हणजे पत्र्याची लांबट खोली. एका भिंतीला काचेच्या नळ्या, तराजू, नरसाळं, मध्ये एक टेबल. तिने तो गोळा विरघळवला, नळीत घेतला, त्यात कसलेसे दोन थेंब सोडले. नळी गुलाबी झाली. असा गुलाबी रंग की एखाद्या लहान मुलीच्या रिबिनीला शोभावा. मला तो रंग चांगला वाटला. तिला नाही.

"इतका गुलाबी व्हायला नको होता," ती म्हणाली. "मामा, याच्यात चुना आहे. भरपूर. हे तेल बियांचं आहे. बियांचं तेल, चुना आणि खालची उष्णता एकत्र आली की साबण होतो. वर टाकीत काही दिसत नाही. तळाशी जाऊन तापला की घट्ट होतो. पण चुना आला कुठून?"

"सिमेंट?" मी म्हणालो. मागच्या आठवड्यात भोकाच्या वरच्या भागाला सिमेंटने पक्कं केलं होतं.

"सिमेंटमध्येही चुना असतो. पण एवढा…" ती नळी उजेडात धरून बघत राहिली. "एवढा नाही यायचा."

तेवढ्यात दार ढकलून व्याही आत आला. हातात चहाचे दोन पेले. "बाई," असं म्हणाला, मग बघितलं की खोलीत तिच्याबरोबर मी एकटाच आहे, तसा त्याचा आवाज मऊ झाला. पेला तिच्यापुढे ठेवला.

"चिमे, पी आधी. मनाला लावून घेऊ नकोस. तू काही कमी केलं नाहीस. आणि मीही केलं नाही. कालपासून मला तो जरा पातळ वाटत होता. म्हटलं, पोरीचा चिखल पडायला नको. म्हणून मी आपणहून चुना सोडला. काल दोनदा, आज सकाळी परत. तरी धरलं नाही गं."

सूनबाईचा हात नळीसकट हवेतच राहिला.

मी आयुष्यात अपघात बघितले आहेत. लोखंडाची साखळी तुटून माणसाच्या शेजारून गेलेली बघितली आहे. पण इतक्या शांतपणे झालेला अपघात कधी बघितला नव्हता. आणि व्याह्याच्या चेहऱ्यावर काय होतं? लाज होती, पण कशाची, तर आपण दिलेली मदत आता बोलून दाखवावी लागली याची.

"काय सोडलंत?" ती म्हणाली.

"चुना."

"आप्पा, मी सांगितलं होतं ना?"

"काय सांगितलं होतंस?"

"शेडमध्ये. सगळ्यांसमोर. चुना लावायचा नाही म्हणून."

व्याही हसला. खरंच हसला. "ते होय! ते डब्यांचं. अगं, एक डबा हलू दिला नाही मी. रेडिओवर तर डोळ्यांत तेल घालून…" बोलता बोलता त्याचा आवाज मंद होत गेला. उतारावर गाडीचं इंजिन बंद करावं तसा. "चुना टाकतात, चिमे. टाकीत चुना टाकतात. लावतात तो…"

आणि त्याने हातातला दुसरा पेला टेबलावर ठेवला.

मी बसलो. आपोआप. कारण मीही तेच समजलो होतो. डब्यांचं बोलणं चाललं होतं, त्यातच ते वाक्य आलं. सगळ्यांना वाटलं, बाई म्हणतात फसवाफसवी करू नका. डिझेलच्या चिखलात चुना पडायचाच. तो पडल्याशिवाय तेल आणि पाणी एकमेकांना धरायचं नाही. मिठाशिवाय स्वयंपाक तसा चुन्याशिवाय चिखल, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. पोती तर पिण्याचं पाणी साफ करायलाही लागत, म्हणून टाक्यांपाशीच रचलेली. त्यांच्याकडे कुणी वेगळ्या नजरेने बघायचं कारणच नव्हतं.

"मी विनोद करायला गेले, मामा," सूनबाई माझ्याकडे बघून म्हणाली. बापाकडे तिला बघवत नव्हतं. "मला वाटलं, असं म्हटलं की लक्षात राहील. सगळे हसले, मला वाटलं कळलं. साहेबांनी मान हलवली."

"साहेबांनी नाही," मी म्हणालो, "मान तू हलवलीस."

हे मी का बोललो मला माहीत नाही. बोलायची गरज नव्हती.

"चुन्यामुळे झालं?" व्याह्याने विचारलं. अजून त्याला पूर्ण कळलं नव्हतं. "मी टाकला त्यामुळे? तो नसता टाकला तर…"

"तर काही झालं नसतं, आप्पा. थोडा पातळ होता, तो पातळच ठेवला होता मी."

बाहेर पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला. साहेब. त्यांच्यामागे दारात रेडिओ, बातमी ऐकायला.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढलेला नव्हता. ते ओरडत तेव्हा बरं वाटायचं. "पाइप अडकलाय," ते म्हणाले. "ड्रिलर म्हणतो, विहीर जाईल कदाचित. बाई, तुमचा चिखल फसला का, एवढंच सांगा. सिमेंट लागलं असेल तर तसं सांगा, कुणाचा दोष नाही, होतं असं. पण सिमेंट सोसत नसेल तर हा चिखल आपल्या कामाचा नाही. सिमेंटशिवाय विहीर नसते. मी डिझेलचे टँकर बोलावतो."

सूनबाईने नळी टेबलावर ठेवली.

मी साधा माणूस आहे, पण तेवढं मला कळलं. 'सिमेंट' असा एक शब्द ती म्हणाली असती, तर तिचा बाप वाचला असता. कुणी कुणाला काही विचारलं नसतं. डिझेल आलं असतं, खाडी पुन्हा काळी झाली असती आणि व्याह्याचे हात परत बुंध्यासारखे झाले असते. आणि दुसरा शब्द म्हणाली असती, तर चिखल वाचला असता. ते दोन्ही शब्द तिच्या ओठांवर होते. मी तिचे ओठ बघत होतो. देवाशपथ सांगतो, मी मनात 'सिमेंट, सिमेंट' म्हणत होतो.

व्याही चहाच्या पेल्याकडे बघत होता.

"सिमेंट नाही," सूनबाई म्हणाली. "टाकीत चुना पडला आहे. या तेलाला चुना चालत नाही. चिखलात काही दोष नाही."

"कुणी टाकला?"

"आप्पांनी."

कामावर तिने त्याला आप्पा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिथे ती त्याला 'टाकीवाले' म्हणायची. व्याह्याने मान वर केली आणि तिच्याकडे असं बघितलं, जणू आपल्याच घराचं दार कुणी परक्याने उघडलं आहे.

"पण दोष त्यांचा नाही," ती घाईघाईने म्हणाली. "मी शेडमध्ये सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. चुना लावायचा नाही म्हटलं. लावायचा, असं म्हटलं मी. टाकायचा नाही, असं म्हणायला हवं होतं."

साहेबांनी भुवया आवळल्या. "ते डब्यांचं होतं ना?"

सूनबाईने 'नाही' अशी मान हलवली. साहेबांचं तोंड उघडं राहिलं. मग ते हळूच स्टुलावर बसले. "म्हणजे तुम्ही… खरा चुना म्हणत होता? पोत्यातला?"

"हो."

"आणि मी हसलो."

"सगळेच हसलो," दारातून रेडिओ म्हणाला.  हा माणूस गप्प झालेला मी तेव्हाच बघितला. सर्कशीतला वाघ मेल्यासारखा दिसत होता.

 मग साहेब उठले. "चिखल राहील," ते म्हणाले. "पाइप सोडवा, टाक्या धुवा, नवा चिखल करा. विहीर वाचली तर तुमची संधीही वाचली. पण बाईंना विचारल्याशिवाय टाकीत काही टाकायचं नाही, हा नियम आजचा नाही, डिझेलच्या काळापासूनचा आहे. तो मोडला. पाइप अडकलाय, उद्या वरून विचारतील. टाकीवाल्याचा कामावर यायचा पास मला काढून घ्यावा लागेल."

"दोघांचा घ्या," सूनबाई म्हणाली.

"तुमचा घेतला तर चिखल कोण बघणार? खाडीवाल्या बायकांना मी काय सांगू?"

"साहेब, नियम होता हे खरं आहे," व्याही मध्येच म्हणाला. "पण तो आम्ही रोजच मोडायचो. चिखल पातळ दिसला की कोण विचारत बसतं?" मग स्वतःच म्हणाला, "आता विचारतील." त्याने गळ्यातला पास काढला आणि टेबलावर ठेवला. त्या गुलाबी नळीशेजारी. "येतो, बाई," म्हणाला आणि रेडिओला बाजूला करून बाहेर पडला.

सूनबाई त्याच्यामागे एक पाऊल गेली. तेवढ्यात वरून ड्रिलरने तिला हाक मारली. पाइप अडकल्यावर प्रत्येक घटका मोलाची असते. ती तिथेच उभी राहिली, दाराकडे बघत. मग वर गेली.

मी व्याह्याबरोबर फाटकापर्यंत गेलो. तो नेहमीच्या चालीने चालत होता. टाक्या मागे पडल्या, लोखंडाचे ढीग मागे पडले. फाटक दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "व्याही, डिझेलचा साबण होतो का हो?"

"मला नाही वाटत."

"नाही होत. मी बघितलाय, कितीही चुना टाका, नाही होत. म्हणजे पोरीचं तेल अस्सल होतं." आणि तो हसला. हसता हसता थांबला आणि भर रस्त्यातच उभा राहिला. मग त्याच्या तोंडून जुनी भाषा निघाली. "अरे, तिने माझं नाव घेतलं. तू ऐकलंस ना? माझ्या पोरीने."

"ती खोटं बोलली असती तर?"

"तेच बघतोय," तो म्हणाला. "ती खोटं बोलली असती तर मी तोंड उघडलं असतं का? उभं राहून सगळं ऐकलं असतं आणि टँकर येऊ दिले असते का? मला माहीत नाही रे. हेच मला कळत नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होतो. तोवर तो फाटकातून गेला होता.

पाइप सोडवायला जीव निघाला. सूनबाईने आधी बराच वेळ निव्वळ तेल खाली सोडलं, ते हळूहळू मुरलं, साबण सुटा झाला आणि एका दुपारी लोखंड एकदम मोकळं झालं. ड्रिलरने टोपी काढून हवेत फेकली. ती चिखलात पडली, तीच त्याने पुन्हा घातली. टाक्या धुतल्या. नवा चिखल कालवला. पंप दुसऱ्याकडे गेला आणि टाक्या माझ्याकडे आल्या. सूनबाईने चुन्याची पोती तिथून उचलून लांब पाण्याच्या खोलीत नेली. पोरांकरवी नाही, स्वतः गाडा ढकलून.

घरी मात्र ती जेवायची नाही. माझा मुलगा तिला काही विचारायचा, ती 'हं' म्हणायची. माहेरी जायचा विषय कुणी काढेना. शेवटी रविवारी मीच म्हणालो, "चल. मी येतो बरोबर."

व्याही स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी बसला होता. नळ गळत होता म्हणे. पुढ्यात पाना, चामड्याची वायसरं, एक जुनं फडकं. त्याने माझ्याकडे बघून "या व्याही" म्हटलं. मुलीकडे बघितलं नाही. ती चौकटीपाशी थांबली. विहीणबाईंनी तिला पाट दिला, मला खुर्ची दिली आणि दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, "इतक्या दिवसांत या घरात कुणी शब्द बोललेलं नाही. आधी तरी निदान चिखल, चिखल चालायचं. मला वाटायचं, घरात माणसं राहतात की बेडूक. आता ते डरांव डरांवसुद्धा नाही."

मला हसू आलं. बाकी कुणाला आलं नाही.

व्याह्याने नळाचा वरचा भाग खोलला, वायसर बदललं, परत बसवला. पाना फिरवता फिरवता, तोंड भिंतीकडेच ठेवून, त्याने विचारलं, "धरलाय?"

"धरलाय, आप्पा," ती म्हणाली.

"तळाशीपण? गरम आहे तिथे?"

"तिथेपण."

"काही न टाकता?"

मी तिच्याकडे बघितलं. ती पाटावर अंग चोरून बसली होती. 'थोडं काहीतरी टाकावं लागलं,' एवढं म्हणाली असती तरी त्या घराला त्या दिवशी पुरलं असतं. मी तसं मनात म्हणालोही.

"काही न टाकता," ती म्हणाली.

व्याह्याचा हात थांबला. "मग इतकी वर्षं मी काय टाकत होतो?"

"डिझेलला लागायचा, आप्पा. त्याला लागायचाच. तुम्ही टाकला नसता तर एकही विहीर झाली नसती."

"याला नाही."

"याला नाही."

त्याने पुन्हा पाना धरला आणि नळ आवळायला लागला. गळती केव्हाच थांबली होती. थेंबही पडत नव्हता. तो आवळतच राहिला. सूनबाई उठली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, पण खांद्याला हात लावायचं तिला धाडस झालं नाही.

"अहो, पुरे," विहीणबाई म्हणाल्या. "आटे जातील."